घोड्याचा चारा आणि चाऱ्यांतील विष

आमच्या लहानपणीं शेजारीं एक टांगेवाला राहत असे. त्याची तांबडी घोडी सकाळीं दारांत उभी असली म्हणजे आम्ही मुलें शाळेस जातां जातां तिला मूठभर हरळी भरवीत असूं. एकदां जवळच्या बंगल्याच्या माळ्यानें कण्हेरीचें कुंपण छाटून फांद्या रस्त्याच्या कडेस टाकल्या. दोनतीन दिवसांत त्या सुकल्या व घोडीनें त्यांतील कांहीं पाला खाल्ला. संध्याकाळीं ती घामानें भिजली, कळांनीं लोळूं लागली आणि उजाडण्यापूर्वीं गतप्राण झाली. टांगा कित्येक महिने अंगणांत तसाच उभा होता, आणि त्या घरचा आमच्या वर्गांतील मुलगा पुढें शाळेंत दिसेनासा झाला. माळ्यास तरी दोष कसा द्यावा? त्याला हें कोणीं सांगितलेंच नव्हतें.

हिरवी कण्हेर कडू असल्यामुळें जनावर सहसा तिला तोंड लावीत नाहीं; छाटलेली, सुकलेली मात्र तें खातें. पान वाळलें तरी विष जात नाहीं, व तें थेट हृदयावर आघात करितें. मोठ्या घोड्यासही थोडीं पानें पुरतात.

शेळी जें चघळते तें घोड्यास चालेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. एवढ्या मोठ्या प्राण्याचें जठर अवघें 8 ते 15 लिटरांचें. आणि अन्ननलिका जठरास जेथें मिळते तेथील स्नायू इतका बळकट, कीं घोड्यास ओकारी होतच नाहीं म्हटलें तरी चालेल. कुत्रें वाईट पदार्थ ओकून मोकळें होतें. घोड्याच्या पोटीं गेलें तें पुढेंच जातें.

एरंडाच्या बिया घोड्यास फार लौकर बाधतात. म्हणून खतासाठीं आणलेली एरंडीची पेंड दाण्याच्या पोत्याजवळ ठेवूं नये. धोतऱ्याचें बीं धान्यांत मिसळून येतें, तें पाखडतांना पाहावें. गुंज व घाणेरी हीं देखील वर्ज्यच. ज्वारीचें मात्र नवल वाटेल. पावसाच्या ताणानें खुरटलेल्या कोवळ्या ताटांत तीव्र विष उत्पन्न होतें. शिवाय असा हिरवा चारा दीर्घकाळ दिल्यास घोड्याचा मूत्राशय सुजतो व मागचे पाय लटपटूं लागतात. नीट वाळलेल्या कडब्यांत हें भय फारसें उरत नाहीं.

हरळी, ओट, बेताचा लसूणघास, भिजवलेला हरभरा हा त्याचा निर्धास्त आहार. गाजर द्यावयाचें तर उभें चिरून द्यावें. गोल चकत्या घशांत अडकतात. कांदा देऊं नये.

खासगी मोटारींस मज्जाव असलेल्या माथेरानीं सहलीस गेलां म्हणजे तेथील घोड्यांस कांहीं भरविण्याचा मोह तुम्हांस होईल. आधीं घोडेवाल्यास विचारा; त्याचें घर त्या घोड्यावर चालतें. विषारी पाला खाल्ल्याचा संशय आला, तर घोड्यास चालवूं नये, स्वस्थ उभें करावें व पशुवैद्य येतांच त्यास त्या झाडाची डहाळी दाखवावी.

पालकांपैकीं ज्यांच्या दारीं कण्हेर आहे त्यांनीं ती तोडावी असें मी म्हणत नाहीं. फुलें सुंदर असतात. परंतु छाटणी रस्त्यावर टाकूं नये, खड्ड्यांत पुरावी. जाळूंही नये, कारण तिचा धूरही बाधक आहे.