'फरक सापडला नाही' म्हणजे 'फरक नाही' का?

मागच्या आठवड्यात जर्नल क्लबमध्ये मी ठोकून दिलं, "पी व्हॅल्यू ०.०५३, म्हणजे चारही औषधं सारखीच." गाईड मॅडम नुसत्या हसल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही पोस्ट.

पेपर अँड्र्यू चँग आणि सहकाऱ्यांचा, २०१७ चा, 'जामा'मधला. प्रश्न साधा: हात-पाय मुरगळून किंवा हाड मोडून इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला ओपिऑइड गोळी द्यायलाच हवी का? अमेरिकेत ओपिऑइडमुळे माणसं मरत होती आणि काहींची पहिली गोळी अशाच प्रिस्क्रिप्शनमधून आलेली असते. त्यामुळे हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या दोन इमर्जन्सी विभागांत ४१६ पेशंट रँडम पद्धतीने चार गटांत वाटले. एका गटाला आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल १००० मिग्रॅ. बाकी तीन गटांना पॅरासिटामॉलबरोबर ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन किंवा कोडीन. कुणाला काय मिळतंय हे पेशंटलाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. मग ० ते १० या पट्टीवर विचारायचं, किती दुखतंय? सुरुवातीला सरासरी ८.७ होती (म्हणजे कळवळायला लावणारं दुखणं!). दोन तासांनी घट अनुक्रमे ४.३, ४.४, ३.५ आणि ३.९.

आता इथे थांबा. सगळ्यात मोठा फरक ०.९ चा, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोनमधला. एवढा फरक पेशंटला जाणवतो का? पेशंटच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरकाची किमान मर्यादा लेखकांनी १.३ धरली होती. ही मर्यादा अभ्यासाआधीच ठरवायची असते. निकाल बघून ठरवली तर काय, हवं ते सिद्ध करता येईल.

मग माझं चुकलं कुठे? त्या ०.९ चा कॉन्फिडन्स इंटरव्हल होता -०.१ ते १.८. वरचं टोक १.३ च्या पलीकडे जातं बघा. म्हणजे या दोन औषधांत अर्थपूर्ण फरक असण्याची शक्यता हा डेटा पूर्णपणे फेटाळत नाही. 'सारखीच आहेत' म्हणायचं तर अख्खा इंटरव्हल मर्यादेच्या आत बसायला हवा, आणि अभ्यासाची आखणीही सुरुवातीपासून त्यासाठीच करावी लागते. आयबुप्रोफेनवाला गट ओपिऑइडच्या मागे पडलेला दिसला नाही, हे मात्र खरं. माझ्या मते डॉक्टरांच्या कामाचं तेवढंच आहे, आणि ते कमी नाही.

आणखी एक. मोजमाप दोनच तासांचं आहे. प्लास्टर घालून घरी गेलेल्या माणसाचं रात्री काय होतं, याचं उत्तर या पेपरमध्ये शोधू नका.