तुळशीची बहीण, तांब्याची खूण

चिकूचा देठ तोडला की बोटांना पांढरा चीक लागतो. त्याच घराण्यातल्या एका झाडाच्या खोडाला चीर पाडा, आणि वाहतो चक्क निळा-हिरवा चीक, मोरचुदाच्या पाण्यासारखा! हे झाड आहे प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर, नाव पिक्नँड्रा अ‍ॅक्युमिनाटा. त्याचा चीक वाळवून तपासला तर त्यात सुमारे 25 टक्के निकेल. पाव भाग धातू! 1976 साली ही गोष्ट जगापुढे आली.

एरवी वाळलेल्या पानाच्या किलोमागे दहा-पन्नास मिलिग्रॅम निकेल गेलं, तरी बहुतेक झाडं पिवळी पडतात. पण धातू पोटभर पिऊनही टवटवीत राहणाऱ्या सातशेहून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच आपल्या परसातल्या झाडांच्या नात्यातल्या आहेत, आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती याचीच.

आवळा आणि भुईआवळा ज्या फायलँथस कुळीतले, त्याच कुळीतली काही झुडपं मलेशियाच्या साबा प्रांतात निकेल गोळा करतात. एकाची साल खरवडली की हिरवा रस दिसतो. दुसऱ्याची तर शेतीच करून पाहिली आहे. फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, जाळायच्या आणि राखेतून निकेल काढायचं. झाडांकडून खाणकाम करून घेण्याची ही कल्पना मांडणारे अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ रूफस चेनी. या दुसऱ्या झुडपाला त्यांचंच नाव दिलं आहे.

तुळशीची एक बहीण झांबियाच्या तांबेपट्ट्यात राहते. तिला ‘तांबेफूल’ म्हणतात. ती जिथे दाटीने फुलते, तिथे जमिनीत तांबं असण्याचा संभव मोठा, म्हणून खनिज शोधणारे तिच्या मागावर फिरत.

पण हे विष पचतं कसं? खरं तर पचत नाही, बांधून ठेवलं जातं. बहुतेक झाडांच्या पेशीत एक विकर आधीपासूनच बसलेलं असतं. कॅडमियमसारखा धातू आत शिरला की ते जागं होतं आणि ग्लुटाथायोनचे तुकडे जोडत साखळ्या विणू लागतं. त्या साखळ्यांतलं गंधक धातूला घट्ट धरतं. मग ही मोटली पेशीच्या कोठीत, म्हणजे रिक्तिकेत, ढकलून दिली जाते. ‘फायटोकेलाटिन’ नावाच्या या साखळ्या 1985 साली जर्मनीत ओळखल्या गेल्या. संकट आल्यावर दोर वळायला बसायचं नाही, दोर वळणारा कायम दारात बसलेला हवा. ही तयारी मला थक्क करते.

साठवलेलं विष शस्त्रासारखंही वापरता येतं. कॅलिफोर्नियात मोहरीच्या नात्यातली एक रानटी वनस्पती निकेल पानांत भरून ठेवते. ती पानं खाणाऱ्या कोबीवरच्या अळ्या मरतात.

जुन्या विहिरीच्या चुन्याच्या भेगेतून लांब पात्यांचं नेचं डोकावताना तुम्ही पाहिलं असेल. टेरिस व्हिटाटा हे त्यातलंच एक. 2001 साली फ्लोरिडातल्या दूषित जमिनीवर कळलं की ते आर्सेनिक शोषून पात्यांत साठवतं. आर्सेनिक फॉस्फेटचं सोंग घेऊन मुळात शिरतं. हे नेचं त्याला आत घेतं आणि वर नेऊन कोठीत कोंडतं.

भाताला मात्र हे साधत नाही. मँगनीजसाठी असलेल्या दारातूनच कॅडमियम आत येतं आणि दाण्यापर्यंत पोचतं. जपानच्या तोयामा भागात खाणीचं कॅडमियम नदीतून भातशेतीत उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. वेदनेने विव्हळणाऱ्यांच्या ‘दुखतंय, दुखतंय’ या शब्दांवरूनच त्या आजाराला ‘इताई-इताई’ हे नाव पडलं. भातशेतीत आणखी एक पेच आहे: खाचरात पाणी साठवून ठेवलं तर भातात कॅडमियम कमी जातं, पण आर्सेनिक वाढतं. पाणी काढलं तर उलट!

आपल्या नद्यांवर पसरणारी जलपर्णीही मुळांत धातू धरून ठेवते. ती उपसून काठावरच कुजू दिली तर धरलेलं पुन्हा पाण्यात जातं, आणि गुरांना घातली तर चाऱ्यात. पालकासारखी पालेभाजीही कॅडमियम सहज ओढून घेते, आणि ते पानाच्या आत असतं. म्हणून सांडपाण्याच्या नाल्याकाठी पिकलेली भाजी घेऊ नका. ती सात पाण्यांनी धुतली तरी आतला धातू निघत नाही.