प्रवाळांचा प्रदेश : लक्षद्वीप

रसशास्त्रात प्रवाळाची गणना नवरत्नांत होते. पिकलेल्या तोंडल्याप्रमाणे लाल, गोल, लांब, सरळ, स्निग्ध, व्रणरहित व स्थूल अशी त्याची ग्राह्य लक्षणे ‘रसरत्नसमुच्चय’कारांनी सांगितली आहेत. अम्लपित्त, रक्तपित्त व कास यांत प्रवाळपिष्टीची योजना आपण नित्य करतो. परंतु प्रवाळ ही केवढी मोठी जीवसृष्टी आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून औषधी प्रवाळाच्या दूरच्या भावंडांनी उभारलेल्या एका प्रदेशाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

केरळच्या पश्चिमेस अरबी समुद्रात लक्षद्वीप पसरले आहे. वस्तीची बेटे १०. एकूण भूमी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. मात्र त्यांच्या कुशीतील खारकच्छांचा विस्तार सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. बाहेर गडद निळा सागर, मध्ये फेसाची शुभ्र रेषा आणि आत पाचूसारखे शांत पाणी, अशी ही रचना आहे. ज्वालामुखी पर्वत हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतात आणि शेवटी केवळ कंकण उरते, ही कंकणद्वीपाची उपपत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली मांडली.

पाण्याखाली कोठे सांबरशिंगासारख्या शाखा, कोठे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, तर कोठे चौरंगासारखे सपाट थर दिसतात. हे सारे बांधणारा जीव बहुधा काही मिलिमीटरांचा असतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून आश्रयदात्यास देते, रंगाची शोभाही बव्हंशी त्याचीच. पोपटमासा खडक कुरतडतो व त्याचा चुरा विष्ठेवाटे टाकतो. किनाऱ्यावरील पांढऱ्या वाळूचा बराच भाग असा निर्माण होतो. त्याच सच्छिद्र भूमीत खाऱ्या पाण्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगत राहते आणि बेटावरील विहिरी भरतात. तेव्हा हे सौंदर्य केवळ नेत्रसुखाचे नव्हे. तेथील माणसाची भूमी व जल दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

उष्म्याचा अतियोग मात्र या सृष्टीस सोसत नाही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंश सेल्सियसने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ शैवालास बाहेर टाकतो व पांढरा पडतो. लक्षद्वीपने हा आघात १९९८, २०१० व २०१६ मध्ये सोसला आणि २०२४ मध्ये पुन्हा. दोन आघातांमध्ये पुरेसा अवकाश मिळाला तर खडक सावरतो. तो अवकाशच आता कमी होत आहे. प्रवाळभित्ती खचली की लाटांना अडवणारे कोणी उरत नाही.

येथे वैद्याचे कर्तव्य येते. औषधात ग्राह्य असलेले लाल प्रवाळ प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील आहे. ते खडक बांधत नाही आणि वर्षाला त्याची जाडी मिलिमीटरभरही वाढत नाही. भित्ती बांधणारे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. असे असता पांढरे, सच्छिद्र तुकडे ‘प्रवाळमूळ’ म्हणून पुढे आल्यास ते स्वीकारणे शास्त्रलक्षणांना धरून नाही आणि ते दगडी प्रवाळाचे असतील तर कायद्यालाही नाही. औषधनिर्मात्याकडे द्रव्याचे मूळ स्थान विचारावे आणि रुग्णाची प्रकृती व अवस्था पाहून मौक्तिकशुक्ती, शंख किंवा कपर्दिका यांनी कार्य साधत असेल तेथे त्यांचाच विचार करावा, असे आम्हांस वाटते.

लक्षद्वीपास जाणे सर्वांना शक्य नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. वाचकांनी ते अवश्य पाहावेत. मात्र त्यांवर पाय ठेवू नये आणि आठवण म्हणून तुकडाही आणू नये. द्रव्याचे रक्षण हा द्रव्यगुणाच्या अभ्यासाचाच भाग होय.