जुन्या गाडीचं ऑईल गळतंय? इंजिन उतरवण्याआधी गळतीची खरी जागा शोधा

मारुती ८०० ही गाडी १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे शेवटच्या काळातली गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. तरी आठवडे बाजार, दवाखाना, लग्नकार्य यासाठी ८०० आणि तिच्याच जातीचं इंजिन असलेली ओम्नी गावोगावी अजून चालते. या गाड्यांची नेहमीची तक्रार एकच, ती म्हणजे गाडी उभी केली की खाली काळा डाग पडतो.

डाग दिसला की मालक दोनपैकी एक करतो. ‘जुनी गाडी आहे, गळणारच’ म्हणून सोडून देतो, नाहीतर गॅरेजवाल्याने ‘सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हटलं की लगेच होकार देतो. दोन्हींत नुकसान आहे. बऱ्याच वेळा गळती वरच्या एखाद्या स्वस्त पॅकिंगमधून असते आणि ऑईल ओघळून खाली दुसरीकडेच टपकत असतं.

गळतंय ते इंजिन ऑईलच आहे का?

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवावा आणि सकाळी डाग बघावा. तपकिरी-काळं आणि बोटाला चिकट असेल तर इंजिन ऑईल. जास्त घट्ट आणि उग्र, गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑईल. हिरवं किंवा लालसर पाणी असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑईलचा संशय घ्यावा, आणि तपासल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नये. एसी लावून आल्यावर खाली पडणारं स्वच्छ पाणी मात्र चिंतेचं नाही.

पुठ्ठा कोरडा, पण ऑईल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑईल गळत नाही, जळतंय. ते काम रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सीलचं. बाहेरची पॅकिंग कितीही बदलली तरी फरक पडणार नाही.

आधी धुवा, मग शोधा

तेलाने माखलेल्या इंजिनवर गळती सापडत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि थोड्या रॉकेल-डिझेलने कळकट थर काढावा आणि कापडाने कोरडं पुसावं. डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या वायरी, अल्टरनेटर झाकून ठेवावेत. प्रेशरच्या पाण्याचा फवारा तिथे मारू नये. रॉकेलचा वास पूर्ण गेल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

मग १५-२० किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि बॅटरीच्या उजेडात बघावं. ओम्नीत त्यासाठी पुढचं सीट उचलावं लागतं. नियम सोपा आहे. ऑईल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हीच संशयाची. नेमकं कळत नसेल तर कोरड्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी. ऑईलचा माग पावडरवर उमटतो.

सोप्या जागा आधी

टॅपेट कव्हर: जुन्या ८०० मध्ये गळतीची पहिली शक्यता इथे. पॅकिंगचं रबर उष्णतेने कडक होतं. नवीन पॅकिंग बसवताना दोन्ही बाजू खरवडून साफ कराव्यात आणि बोल्ट सारख्या जोराने आवळावेत. गळतंय म्हणून आणखी आवळलं तर कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

डिस्ट्रिब्युटरची जागा: कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. तिथलं रबर गेलं की ऑईल गिअरबॉक्सच्या तोंडावरून खाली येतं आणि क्रँकचं मागचं सील गेल्यासारखंच दिसतं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी ही जागा कोरडी आहे का, ते डोळ्यांनी बघून घ्यावं.

ऑईल फिल्टर: सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं का ते बघावं. नवीन फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट लावावं, हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग साधारण पाऊण फेरा आवळावा.

ऑईल प्रेशर स्विच आणि ड्रेन नट: स्विचमधून ऑईल पाझरत असेल तर स्विच बदलावा. ड्रेन नटचं वायसर प्रत्येक ऑईल बदलाला नवीन टाकावं. नट जोरात आवळून आटे गेले तर साधं काम अवघड होऊन बसतं.

चेंबर: गाडीवाटेवरचा दगड किंवा उंच गतिरोधक चेंबरला लागतो. पत्रा चेपला की पॅकिंगची बैठक बिघडते. चेंबर काढून कडा सरळ करूनच नवीन पॅकिंग बसवावं. सिलिकॉन पातळ लावावं; जास्त लावलं तर आत सुटलेला तुकडा ऑईल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

सील बदलूनही परत गळती?

मग ब्रीदर पाईप तपासावा. इंजिन चालताना थोडा गॅस रिंगमधून खाली उतरतो आणि ब्रीदरवाटे बाहेर पडतो. हा पाईप काजळी-चिकट्याने बंद झाला की आत दाब वाढतो आणि ऑईल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं. अशा गाडीत नवीन सीलही टिकत नाही. पाईप साफ करणं हे अगदी कमी खर्चाचं काम आहे, म्हणून ते आधी करावं. पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल भरलं तरीही त्रास होतोच.

मोठं काम कधी?

वरचं सगळं कोरडं आणि टायमिंग पट्ट्याच्या बाजूने ऑईल येत असेल तर कॅम किंवा क्रँकचं पुढचं सील गेलेलं असतं. हे टाळू नये. ऑईल लागून पट्टा खराब होतो आणि तुटला की गाडी जागेवर बंद पडते. सीलसोबत पट्टाही बदलून घ्यावा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातूनच ऑईल येत असेल तर मात्र मागचं सील, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. क्लच प्लेट झिजली असेल तर ती त्याच वेळी बदलावी, मजुरी एकदाच लागते.

गळती थांबवणारं औषध ऑईलमध्ये टाकल्याने कडक रबर थोडं मऊ पडतं, पण फाटलेलं पॅकिंग जुळत नाही. जास्त घट्ट ऑईल टाकणं हाही तात्पुरताच इलाज. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच वापरावं.

दिव्याची वाट बघू नका

‘दिवा लागला की ऑईल टाकू’ हा समज इंजिन खातो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑईलची पातळी दाखवत नाही, दाब पडल्याचं सांगतो. तो लागेपर्यंत बेअरिंग कोरडी पडायला लागलेली असतात. चालताना दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी. ‘गाव दोनच किलोमीटर आहे’ म्हणून दामटली तर इंजिन सीझ होतं आणि शेकड्यातलं काम हजारांत जातं.

आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर ऑईलची पट्टी बघावी. किती किलोमीटरला किती ऑईल टाकलं ते वहीत लिहावं, म्हणजे गळती वाढतेय का ते कळतं. गाडी उभीच असते म्हणून बिनधास्त राहू नये. न चालवताही रबर कडक होतं. गरम सायलेन्सरवर ऑईल पडून जळका वास येत असेल तर आगीचा धोका आहे, ते काम त्याच दिवशी करून घ्यावं.

घरी बघताना नुसत्या जॅकवर किंवा विटा-दगडांवर गाडी ठेवून खाली शिरू नये. काढलेलं ऑईल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. कॅनमध्ये भरून ते जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. आणि गॅरेजमध्ये मोठ्या कामाला हो म्हणण्याआधी एवढंच म्हणावं, ‘इंजिन पुसा आणि कुठून गळतंय ते दाखवा.’