दया नको, संधी द्या
जपानच्या व्हीलचेअर बास्केटबॉल संघाचा धडा

वस्तीत पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला की कडेला ओट्यावर एखादा मुलगा बसलेला दिसतो. पायाने अधू. त्याला कोणी हिडीसफिडीस करत नाही. "तू रन मोज," म्हणतात. तो मोजतो. वर्षानुवर्षे तो रनच मोजत राहतो. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण त्याच्यावर दया करत असतो. पण ज्या समाजाला बाबासाहेबांनी दयेवर नव्हे, हक्कावर जगायला शिकवले, त्या समाजाने तरी या दयेचा विचार करायला हवा. म्हणून आज जपानच्या एका संघाची हकिगत सांगतो.

दिनांक ५ सप्टेंबर २०२१. कोरोनामुळे वर्षभर लांबलेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांच्या व्हीलचेअर बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. एका बाजूला २०१६ च्या सुवर्णपदकाची मानकरी अमेरिका, दुसऱ्या बाजूला यजमान जपान. २०१६ साली रिओमध्ये हाच जपान नववा आला होता. या वेळी त्याने अमेरिकेला शेवटपर्यंत झुंजवले. सामना अमेरिकेने ६४-६० असा जिंकला, अवघ्या चार गुणांनी. जपानच्या पुरुष संघाचे या खेळातले हे पहिलेच पॅरालिम्पिक पदक.

हा खेळ काही सोपा करून दिलेला नाही. मैदान नेहमीचेच, जाळीही नेहमीच्याच उंचीवर, म्हणजे दहा फुटांवर. चेंडू मांडीवर ठेवून चाक दोनदाच ढकलता येते. तिसऱ्यांदा ढकलण्याआधी चेंडू जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर सोबत्याकडे द्यावा लागतो. खुर्ची खेळाडूच्या शरीराचाच भाग मानली जाते. धडक बेकायदा असेल तर फाऊल.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या खेळातला बेरजेचा नियम. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या क्षमतेनुसार १ ते ४.५ असा अंक दिलेला असतो. अपंगत्व जितके जास्त, तितका अंक कमी. मैदानावरच्या पाच जणांच्या अंकांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. आता हिशेब करून पाहा. साडेचारचे तीन खेळाडू घेतले तर साडेतेरा तिथेच संपले, उरलेल्या दोघांना जागाच नाही. दोन घेतले तर नऊ झाले, आणि बाकीच्या तिघांना मिळून पाचच अंक उरतात. म्हणजे कमी अंकाच्या, जास्त अपंगत्व असलेल्या खेळाडूला घेतल्यावाचून संघ उभाच राहत नाही. तो खुर्ची आडवी घालून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवतो, तेव्हा कुठे आपल्या गड्याला जाळीपर्यंत पोचता येते.

त्याला संघात घेणे हा कोणाचा उपकार नाही. तो नियम आहे. राखीव जागांमुळे दर्जा घसरतो, असे आपल्याला ऐकवणाऱ्यांनी हा खेळ जरूर पाहावा. जपानचा कर्णधार अकिरा तोयोशिमा दोन अंकांचा खेळाडू. रेन्शी चोकाई अडीच अंकांचा. त्याच्या हातापायांत जन्मापासूनच व्यंग, तिसऱ्या वर्षी दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. तोच चोकाई त्या स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडू ठरला.

हे एका दिवसात घडले नाही. १९६० साली युताका नाकामुरा नावाचे जपानी डॉक्टर इंग्लंडला स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात गेले. तिथे नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन पाठीचा कणा मोडलेल्या रुग्णांना खेळायला लावत आणि पुन्हा कामावर पाठवत. नाकामुरा मायदेशी परतले आणि त्यांनी अपंगांच्या स्पर्धा भरवल्या. तेव्हा 'अपंगांचा तमाशा मांडतो' अशी टीका त्यांना सोसावी लागली. १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये जपानचे बरेच खेळाडू थेट इस्पितळांतून आले होते. परदेशी खेळाडू मात्र नोकरी करणारे, घरसंसार चालवणारे होते. हा फरक नाकामुरांच्या मनाला लागला. १९६५ साली त्यांनी बेप्पू शहरात अपंगांना काम देणारी 'ताइयो नो इए', म्हणजे 'सूर्याचे घर', ही संस्था काढली. तिचे ब्रीद होते : दया नको, संधी द्या. हे शब्द आपल्या चळवळीला परके वाटतील काय?

आपल्याकडेही कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या, आणि अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण दाखला काढलेला नसेल तर कायदा कागदावरच राहतो. माता-भगिनींना माझी विनंती आहे, अशा मुलाला घरात लपवू नका. त्याचे नाव शाळेत घाला, दाखला काढा. विहारात कार्यक्रम असेल तेव्हा त्याला पुढे बसवून हार घालू नका, काम सोपवा.

आणि मुलांनो, उद्या डाव मांडाल तेव्हा ओट्यावरच्या सोबत्यालाही खेळायला घ्या. तो कसा खेळेल, याचा नियम तुम्हीच त्याच्यासोबत बसून ठरवा. जपानला जमले, ते आपल्याला का जमू नये?

जयभीम!