करंट, पेट्रोल आणि दाब

टू-स्ट्रोक गाडी किक मारूनही चालू होत नसेल, तर जुना मेस्त्री तीनच गोष्टी बघतो. प्लगला करंट येतोय का, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरतंय का आणि इंजिनात दाब आहे का. गेल्या साठ वर्षांत हे प्रश्न बदललेले नाहीत, उत्तरं मात्र बदलत गेली. पुण्याच्या रस्त्यांवर आलेल्या प्रत्येक टू-स्ट्रोकची अडून बसण्याची जागा वेगळी होती आणि ती शोधण्याची विद्या या शहराने गॅरेजात, वाड्यांच्या बोळात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमावली.

सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणे दुचाकींचं झालं, त्यात आसपासच्या कारखान्यांचा मोठा वाटा होता. बजाज ऑटोने 1960च्या दशकात आकुर्डीत इटलीच्या पियाज्योच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर बनवल्या. तो करार 1971मध्ये संपला आणि 1972मध्ये चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने 50 सीसीची लूना आणली. मोटारसायकली बाहेरून येत. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961मध्ये उत्पादन सुरू केलं, पुढे 1973पासून त्याच गाड्या येझदी झाल्या. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल या गाडीवर बेतलेली होती. या सगळ्यांची इंजिनं टू-स्ट्रोक.

या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच खाली-वर होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. भाग कमी, म्हणून गाडी स्वस्त, आणि मालकाला स्वतः उघडता येईल इतकी सोपी. पण क्रँकच्या पेटीतून पेट्रोल जात असल्यामुळे तिथे वेगळं इंजिन ऑइल भरता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जावा-येझदीला लिटरमागे साधारण 40 मिलिलिटर, चेतकला 20. पंपावर हाताने फिरवायचं टू-टी ऑइलचं छोटं यंत्र असे, ते यासाठीच.

आणि पहिला बिघाडही याच ऑइलपायी. ऑइल जास्त पडलं की प्लगच्या टोकावर काजळी धरते, करंट फट ओलांडून उडी मारण्याऐवजी काजळीतून निसटतो आणि प्लग शॉर्ट होतो. त्यामुळे गाडीच्या टूलकिटमध्ये प्लगपाना आणि एक जादा प्लग नसेल, असा टू-स्ट्रोकवाला विरळाच. प्लग बाहेर काढला की तो बघूनच अर्धं निदान होई. ओला असेल, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद आहे, रिझर्व्हवर घ्यायचं राहिलंय किंवा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकलाय. काळा आणि तेलकट असेल, तर ऑइलचं प्रमाण चुकलंय. बदामी रंग सगळ्यांत चांगला. मग पॉलिश पेपरने टोक घासायचं, फट 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवायची. हॅकसॉ ब्लेडची जाडी जवळजवळ तेवढीच असते, म्हणून गेज नसलेल्या गॅरेजात ब्लेडचा तुकडा चाले. प्लग कॅपला लावून हेडला टेकवायचा आणि किक मारायची. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मिणमिणती पडली तर मागचं तपासायचं.

जावाच्या जमान्यात हे ‘मागचं’ म्हणजे पॉइंट, कंडेन्सर आणि बॅटरी. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास हवी. पॉइंट जळकट झाले की ठिणगी मरते. कंडेन्सर मात्र फसवा. तो बिघडला, तरी गार इंजिन पहिल्या किकला चालू होतं, पण कात्रजचा घाट चढून थांबलं की गरम इंजिन पुन्हा पेटत नाही. जावाच्या कार्ब्युरेटरवर बारीक बटण असे. ते पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबायचं आणि मग किक. जरा जास्त दाबलं की इंजिनात पेट्रोल चढलंच. त्यावरचा इलाज अजून तोच आहे. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, प्लग काढायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा किका मारून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं. हे करताना उघडी ठिणगी प्लगच्या भोकाजवळ नेऊ नये, कारण बाहेर येते ती पेट्रोलची वाफ असते.

चेतकवाल्यांचा उपाय सगळ्या शहराने पाहिला. स्कूटर एका अंगावर आडवी करायची, म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उतरतं, आणि मग सरळ करून किक. लूनाला तर पेडलच होते. इंजिन नाहीच पेटलं, तर लक्ष्मी रस्त्यावरून ती सायकलसारखी हाणत घरी नेता येई. पावसाळ्यात तिन्ही गाड्यांचं दुखणं एकच होतं. प्लगच्या वायरीत आणि कॅपमध्ये ओल शिरायची. कोरड्या फडक्याने पुसून, कॅप फुंकून गाडी सुरू करणारी माणसं कुठल्याही पुलाखाली दिसत.

1983 ते 1986 ही वर्षं या कथेला वळण देणारी ठरली. राजदूत 350, इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स 100 आणि कावासाकी-बजाज केबी 100 अशा जपानी तंत्राच्या गाड्या पाठोपाठ आल्या. त्यांपैकी काहींनी सीडीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळवलं. पॉइंट गेले, कंडेन्सर गेला. आरएक्स 100ला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता, त्यामुळे मिश्रणाचा हिशेब मालकाच्या हातून सुटला. पहिल्या किकला चालू होणं ही आता अपेक्षा झाली. पण एकदा सीडीआयचा डबा गेला, की घासायला, फट बघायला काहीच उरत नव्हतं. डबा बदलायचा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांकडे आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजाराकडे पावलं वळू लागली ती अशा भागांसाठी.

1985च्या हिरो होंडा सीडी 100ने मात्र चार-स्ट्रोकची चटक लावली. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रणाचा मोठा भाग न जळताच थेट सायलेन्सरमधून निसटतो, वर ऑइलचा धूर. ॲव्हरेज आणि हवा दोन्हींना ते महाग पडतं. देशात 1991पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या आणि 1996, 2000मध्ये त्या कडक झाल्या. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या, 1966मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत वाहनांच्या धुराच्या चाचण्या होतात. त्या मर्यादांत बसणं टू-स्ट्रोकला कठीण होत गेलं. 1996मध्ये आयडियल जावा बंद पडली आणि आरएक्स 100चं उत्पादनही थांबलं. 2001मध्ये बजाजनेच पल्सर आणली, चार-स्ट्रोक. चेतक आणि लूना ही नावं आता विजेवर धावतात.

शहराच्या हवेचं यात भलंच झालं. उरलेल्या टू-स्ट्रोक आता रोजच्या नाहीत, जपलेल्या आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिनाला त्या बाहेर पडतात. वापर बदलला तसे बिघाडही बदलले. महिनोन् महिने उभ्या गाडीत क्रँकचे ऑइल सील कडक होतात. मॅग्नेटोकडच्या सीलमधून हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. क्लचकडच्या सीलमधून गिअर ऑइल शिरतं आणि पांढरा धूर निघतो. करंट आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी पेटत नाही, तेव्हा बहुधा इथेच पाणी मुरलेलं असतं. दुसरं कारण आजचं पेट्रोल. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल ओल शोषतं, फार ओल धरली की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक तळातूनच ओढतो. जुन्या रबरी नळ्या आणि वायसरही त्याने फुगतात.

घरात अशी गाडी असेल, तर पावसाळ्यासाठी झाकून ठेवण्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. पुन्हा काढताना ताजं पेट्रोल, नवा प्लग आणि नव्या नळ्या घालूनच पहिली किक मारावी. तरीही अडली तर सील तपासून घ्यावेत, उगाच सिलिंडर बोअर करू नये. दुसरं काम याहून निकडीचं आहे. ठिणगीच्या रंगावरून आणि किकच्या जडपणावरून निदान करणारे मेस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांची विद्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. क्लबांनी, आयटीआयच्या शिक्षकांनी आणि गाडी जपणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या शेजारी बसून ती मराठीत लिहून घ्यावी, चित्रित करावी. हे काम याच दशकात व्हायला हवं.