जीपचा हीटर : दोष आणि दुरुस्ती

श्रीनगरहून लेहकडे जाताना झोजीला खिंड ओलांडली, की द्रास हे गाव लागते. जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान शून्याखाली २० अंश सेल्सियसच्याही खाली उतरते. अशा प्रदेशात जीपमधील हीटर ही चैनीची वस्तू राहत नाही. प्रवाशांच्या श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर आतून गोठू लागते आणि गरम हवेच्या झोतावाचून ती काच स्वच्छ होत नाही. घाटात पुढचे दिसेनासे झाले, तर गाडी कितीही दणकट असली तरी तिचा उपयोग नाही.

दोष शोधण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अशा गाड्यांतील हीटर सामान्यतः स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीपैकी बराच भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ती उष्णता शोषून घेण्यासाठी इंजिनाभोवती शीतक द्रव, म्हणजेच कूलंट, खेळविलेला असतो. त्याचाच एक प्रवाह दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डमागील एका छोट्या रेडिएटरमधून फिरतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्यातून हवा ढकलतो आणि ती तापून आत येते. म्हणून हीटर थंड पडला, तर शोधाचा आरंभ इंजिनापासून करावा लागतो.

झोतातून हवाच येत नसेल, तर दोष विजेचा असण्याचा संभव अधिक. प्रथम फ्यूज पाहावा, नंतर पंख्याची मोटर. पंखा केवळ सर्वांत जास्त वेगावर चालत असेल, तर वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो.

हवा येते पण ती थंड असते, अशा वेळी इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंटची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील द्रव उसळून हात-तोंड भाजते. पातळी ठीक असेल, तर इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर लक्ष ठेवावे. ती सुरुवातीपासूनच हळूहळू तापू लागली आणि बराच वेळ गाडी चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे असे समजावे. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात तापवून पाहण्याची रीत जुनी आहे. मात्र लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर असल्यामुळे तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे ८८ अंशांचा शिक्का असलेला थर्मोस्टॅट तेथील उकळत्या पाण्यात उघडला नाही, एवढ्यावरून तो निकामी ठरत नाही.

काटा योग्य जागी असूनही हवा थंड असेल, तर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवून जपून चाचपाव्यात. दोन्ही गरम असतील, तर कूलंट फिरत आहे. हवा वळविणारी झडप अडकली आहे किंवा तिची तार निसटली आहे. एक गरम व दुसरी थंड असेल, तर नळीवरील व्हॉल्व्ह बंद आहे किंवा हीटर कोअर गाळाने तुंबला आहे. दोन्ही थंड असतील, तर आत हवा कोंडली असण्याचा संभव असतो. ती काढण्यासाठी निवलेली गाडी चढावर तोंड करून उभी करावी, चाकांना दगड लावावेत, झाकण उघडून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि इंजिन मंद चालवून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरीत राहावे.

तुंबलेला हीटर कोअर उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जास्त दाबाने त्याचे सांधे फुटतात. हा गाळ साचण्याचे एक मोठे कारण म्हणजे कूलंटऐवजी भरलेले ओढ्याचे पाणी. त्यातील क्षार आणि इंजिनातील गंज कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात. एथिलीन ग्लायकॉल आणि ऊर्ध्वपातित पाणी समप्रमाणात घेतले, तर मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल मात्र शून्याखाली सुमारे १३ अंशांवरच गोठते. तेव्हा अधिक घातले म्हणजे अधिक चांगले, असे येथे होत नाही. हा द्रव विषारी असून चवीला गोड असतो, म्हणून तो मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावा.

गाडीत गोडसर वास येऊ लागला, काचेवर चिकट थर बसला किंवा पायाखालचा गालिचा ओला झाला, तर हीटर कोअर गळत आहे. अशा वेळी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून कोअर वगळला, तर गाडी मुक्कामापर्यंत नेता येते. ऊब नाही म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कांगडी मात्र पेटवू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

गळती कोठेच दिसत नसताना पातळी वारंवार उतरत असेल, तर हेड गॅस्केट फुटून कूलंट इंजिनातच जळत असण्याची शक्यता असते. पातळी उतरली, की बहुधा हीटरच आधी थंड पडतो. ही सूचना ओळखून वेळीच थांबणारा चालक आपले इंजिन वाचवितो आणि निर्जन खिंडीत अडकून पडण्याचा प्रसंगही टाळतो.